न बिघडलेला ओव्हन

त्यांना सगळे ओव्हनवाले म्हणायचे. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची तसदी कधी कुणी घेतली नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीत, कपाटात बसवलेले विजेचे ओव्हन दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. त्यात हातखंडा असा, की दुसऱ्यांनी हात टेकलेले ओव्हन शेवटी त्यांच्याकडे यायचे. यायचे म्हणजे काय, ओव्हनवालेच जायचे. भिंतीतला ओव्हन कुणी पिशवीत घालून आणतं का?

हात सोन्याचा आणि तोंड फाटकं, असा सगळा मामला होता. दार उघडून आत डोकं घातलं की यांचा पट्टा सुरू. "तळाला हा चमकीचा कागद कुणी अंथरलाय? खालची कॉइल श्वास कुठून घेणार? हँडलला ओलं फडकं लटकवलंय, ही काय कपडे वाळत घालायची दोरी आहे? आणि ही काच. गरम काचेवर गार पाण्याचा बोळा फिरवलात ना? तडकली की मग माझ्या नावाने बोटं मोडा." दाराच्या रबराला तारेची घासणी लावलेली दिसली तर विचारूच नका. रबर मऊ फडक्याने, साबणाच्या पाण्याने नुसतं टिपायचं, हे त्यांनी इतक्या घरांत इतक्या वेळा सांगितलं होतं, की काही घरांत ते वर यायच्या आधीच बायका रबर टिपून ठेवायच्या. लोक ऐकून घेत. कारण निघताना ओव्हन चालू झालेला असे, आणि जाता जाता दारात थांबून ते एवढंच म्हणत, "आत हात घालण्याआधी मेन स्विच बंद करा. नुसतं बटण फिरवून वीज जात नाही."

त्यांच्या घरातला ओव्हन कुणीतरी स्वयंपाकघर नवं करताना काढून टाकलेला होता. ओव्हनवाल्यांनी तो खांद्यावर मारून जिने चढवला, नवी कॉइल घातली, नवं रबर लावलं आणि भिंतीत असा चपखल बसवला, की बायको म्हणाली, "घर याच्याभोवती बांधलंय असं वाटतंय." तेव्हापासून ती त्यात पाव भाजायची. आधी घरापुरते, मग शेजाऱ्यांपुरते, मग अर्ध्या गल्लीला पुरतील एवढे. घड्याळ बघून भाजणाऱ्यांतली ती नव्हती. ती बाहेरच्या खोलीत काहीतरी विणत बसायची आणि वास आला की उठायची. तिचं नाक कधी चुकलं नाही.

एका बाबतीत मात्र हा गृहस्थ स्वतःच्या घरात स्वतःचाच कायदा मोडायचा. थंडीत कपडे वाळायचे नाहीत. मग पाव निघाले, ओव्हन बंद झाला, की ती दार किलकिलं ठेवून उरलेल्या उबेवर यांचे मोजे जाळीवर पसरायची. कधी हातमोजे, कधी स्वेटर. गिऱ्हाइकाकडे हे दिसलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. घरी ते एकदा पुटपुटायचे, "हे बरोबर नाही हं," आणि मग गरम मोजे पायात चढवून गप्प बसायचे. लाड करून घ्यायला कुणाला आवडत नाही?

तिचं विसरणं पावातूनच कळलं. एकदा मीठ दोनदा पडलं, एकदा पडलंच नाही. ओव्हनवाल्यांनी थट्टेवारी नेलं. "म्हातारी झालीस," म्हणाले. ती म्हणाली, "आणि तुम्ही काय तरणेताठे?" मग एकदा ती नेहमीच्या दुकानातून परत येताना आपलाच जिना शोधत उभी राहिली, तेव्हा थट्टा संपली. डॉक्टरांनी बरंच तपासलं. गेलेलं परत यायचं नाही, आणखी जाईल, म्हणाले. विस्तवापाशी एकटं सोडू नका, असंही म्हणाले. "आमच्याकडे विस्तव नाही, वीज आहे," असं ओव्हनवाले बोलून गेले. कुणी हसलं नाही. त्यांनाही हसू आलं नाही.

तरी ते कामाला जात राहिले. लांबची कामं सोडली, पण जवळची घेतली. त्या दिवशी दोन गल्ल्या पलीकडे एका दंतवैद्याच्या घरी गेले होते. परतताना जिन्यातच वास आला. जळालेल्या लोकरीचा. ते पेटी तिथेच टाकून वर धावले.

ती बाहेरच्या खोलीत लोकरीचा गुंडा सोडवत बसली होती. मान वर करून म्हणाली, "शेजारी काहीतरी करपलंय वाटतं. सांगून येता का?"

स्वयंपाकघरात धूर कोंडला होता. काचेमागे, जाळीवर, त्यांचा स्वेटर पेटलेला. तिने नेहमीसारखा तो वाळायला घातला होता. ओव्हन बंद करायचं तेवढं राहून गेलं होतं, आणि दार लोटलं गेलं होतं. ओव्हनवाल्यांनी आधी मेन स्विच खाली पाडला. दाराला हात लावला नाही. दार उघडलं की आगीला हवा मिळते. कोंडून ठेवली की ती आपली आपण गुदमरते. हे त्यांनी दारादारांत सांगितलं होतं, आणि आता आपल्याच घरात हात मागे बांधून उभं राहायची वेळ आली होती. तेवढ्यात ती मागून पाण्याची बादली घेऊन आली. तापलेली काच, आतला जाळ, आणि ही बादली उगारून उभी. त्यांनी तिचं मनगट पकडलं ते जिवाच्या आकांताने.

"सोडा ना, दुखतंय," ती म्हणाली. "तुमचा स्वेटर जळतोय आत."

स्वेटर तिला ओळखू आला होता. जाळ बसेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मनगटावर निळे वळ उठले. "हे कशाने हो झालं?" तिने विचारलं. "दाराला लागलं असेल," ओव्हनवाले म्हणाले. उभ्या संसारात तिच्याशी ते पहिल्यांदा खोटं बोलले, आणि सवय नसल्यामुळे फार वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

लेक आली. ती नर्स होती, असली दुखणी रोज बघायची. तिने उघडच सांगितलं. "बाबा, हा ओव्हन इथे चालू राहणार असेल तर मी आईला इथे राहू देणार नाही. माझ्या ओळखीची एक संस्था आहे, तिथे चोवीस तास माणसं असतात. तुम्ही ठरवा."

"काढून टाकला तर भिंतीत भोक पडेल," ओव्हनवाले म्हणाले. "रोज सकाळी ती ते भोक बघेल. मी काय सांगू तिला?"

"आणि पुन्हा पेटलं तर मी काय सांगू स्वतःला?"

बायको घरात राहायला हवी असेल तर ओव्हन मरायला हवा होता. दुसरी वाट नव्हती. "आईला घेऊन जरा फिरून ये," ते लेकीला म्हणाले.

दोघी गेल्यावर त्यांनी आधी तो स्वच्छ केला. आता पुन्हा लागायचा नव्हता, तरी केला. जाळ्या साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या, आतली काजळी मऊ फडक्याने उतरवली, रबर टिपलं, काच आतून-बाहेरून लख्ख केली. मग मेन स्विच पाडून बाजूचे स्क्रू काढले, ओव्हन खोक्यासारखा पुढे ओढला, मागची वायर सोडवली, तिची टोकं नीट झाकून बंद केली आणि सगळं होतं तसं ढकलून बसवलं. बाहेरून कुणाच्या बापाला कळलं नसतं. बिघडलेले ओव्हन चालू करण्यात जन्म गेला होता. चांगला चालता ओव्हन बंद करायची ही पहिलीच वेळ. काम दहा मिनिटांचं, पण ते तिथेच फरशीवर बसून राहिले, दोघी परत येईपर्यंत.

सकाळी तिने पीठ मळलं. हातांना काही विसर पडला नव्हता. पीठ फुगलं, गोळे झाले, ट्रेमध्ये बसले. मग ओव्हनचं बटण फिरवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हाक.

"अहो, दिवा लागत नाहीये. बघता का जरा?"

त्या हाकेत काळजीचं नावही नव्हतं. नवरा घरात असताना ओव्हन बंद राहील हे तिच्या स्वप्नातही आलं नसेल. ओव्हनवाले हत्यारांची पेटी घेऊन आले. गुडघे टेकले, आत डोकं घातलं, उगाचच एक स्क्रू सैल केला, पुन्हा आवळला. "कॉइल गेलीये," आतूनच म्हणाले. "जुनी आहे. मिळायला वेळ लागेल."

"मिळेल हो. तुम्ही कुठूनही आणाल," ती म्हणाली.

डोकं आत होतं हे बरं झालं. चेहरा दाखवायची सोय नव्हती.

कच्चा ट्रे ते कोपऱ्यावरच्या बेकरीत नेऊन भाजून आणत. बेकरीवाला भला, काही विचारायचा नाही. ती एक घास खाऊन म्हणायची, "भाजायची घाई केलीये कुणीतरी." नाक अजून शाबूत होतं.

आणि रोज सकाळी तेच. तिच्यासाठी रोज नवं, यांच्यासाठी रोज तेच. "अहो, दिवा लागत नाहीये." कधी कॉइल, कधी वायर, कधी बटण. एवढ्या वर्षांत जेवढे बिघाड त्यांनी लोकांच्या घरी शोधून काढले होते तेवढे सगळे त्यांनी या धडधाकट ओव्हनवर लादले. एकदा तर मनात आलं, जोडून टाकावी वायर, बसावं तिच्याशेजारी दिवसभर, होऊ दे काय व्हायचं ते. मग ती बादली डोळ्यांपुढे आली आणि हात खाली पडला.

पण गंमत अशी, की ज्या माणसाला कालचं काही आठवत नाही त्याच्याही आत काहीतरी साठत जातं. तिला कालचा सकाळचा प्रसंग सांगता आला नसता. तरी हळूहळू तिची हाक बदलली. आधी "बघता का जरा" होतं. मग "जमलं तर बघा" झालं. मग ती शेजारी उभी राहून त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला लागली, आजाऱ्याच्या ठेवतात तसा. "राहू द्या," म्हणायची. "दमलात तुम्ही." ओव्हनवाल्यांना ते फार लागायचं. सगळ्या गल्लीने नावाजलं तेव्हा ते फुशारले नव्हते. पण हिला आपलं कौतुक आहे, एवढ्यावर ते आजवर उभे होते, आणि तेच ते रोज सकाळी आपल्या हाताने स्क्रूसारखं सैल करत होते.

एका दुपारी दारावर थाप पडली. ओव्हनवाले आतल्या खोलीत पाठ टेकून पडले होते. ते उठेपर्यंत तिने दार उघडलं. दंतवैद्य आला होता. त्याचा ओव्हन पुन्हा अडला होता.

"आहेत का घरी?"

"आहेत," ती म्हणाली, आणि मग आवाज अगदी खाली आणला. पण ते घर काय, कुजबुज लपेल एवढं मोठं नव्हतं. "तुम्ही दुसरं कुणी बघाल का? त्यांना आता जमत नाही हो. विसरायला लागलेत. घरचा ओव्हन नीट करायला बसतात आणि नुसते आत बघत राहतात. मी पाहिलंय. रडतात तिथे. मला वाटतं, स्क्रू कुठला ते आठवत नसेल."

"अरेरे," दंतवैद्य म्हणाला.

"सगळ्यांना सांगाल का तेवढं? येत जाऊ नका म्हणावं. आणि त्यांच्यासमोर विषय काढू नका. फार मानी माणूस आहे. जन्मभर याच कामावर जगलाय."

ओव्हनवाले पडद्यामागे उभे होते. दोन पावलं टाकून बाहेर गेले असते तर सगळं सरळ झालं असतं. दंतवैद्याला म्हणाले असते, चला, आत्ता येतो. पण मग तिने विचारलं असतं, तुम्हाला येतंय तर आपला का नाही करत? आणि खरं सांगितलं असतं तर तिला कळलं असतं, की विसरणारं माणूस या घरात दुसरंच आहे. एवढ्या वर्षांची कमावलेली किंमत तिने दारातल्या दारात, निव्वळ मायेपोटी, धुळीला मिळवली होती. त्यांनी पडदा धरून ठेवला आणि तिला ती धुळीला मिळवू दिली.

ती आत आली. "कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. घर चुकलं होतं कुणाचं तरी."

ती त्यांच्याशेजारी बसली. थोडा वेळ आपल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मी म्हणते, त्या ओव्हनचं मनाला लावून घेऊ नका. मला कुठे आता एवढी भाजायची हौस राहिलीये? कंटाळाच येतो खरं तर. बेकरीतला पाव काय वाईट असतो?"

तिला हौस किती होती हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? "बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे हाकेची वाट बघत बसले. हाक आली नाही. तिने पीठ काढलंच नव्हतं. ती खिडकीशी बसून होती, हात मांडीवर, रिकामे. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. पुढे ती लेकीचं नाव विसरली. जेवल्याचं विसरली. एकदा ओव्हनवाल्यांनाच म्हणाली, "आमचे हे आले की सांगते त्यांना." पण ओव्हनपाशी ती कधी गेली नाही, आणि त्याबद्दल एक अक्षर कधी विचारलं नाही. त्या घरात एक दुखरी गोष्ट आहे आणि तिचा विषय काढायचा नाही, एवढं तिला शेवटपर्यंत आठवत होतं.