किल्ल्याचं शेवटचं दार

माझी लेक मोबाइलवरच्या गेममध्ये बंद पेट्या विकत घेते. आत तलवार निघेल की कचरा, ते पैसे गेल्यावरच कळतं. मी तिच्यावर खेकसते, आणि खेकसता खेकसता तिच्या खांद्यावरून डोकावते, "काय निघालं गं?"

हे दुखणं आमच्या घराण्यातलंच. नव्वदच्या दशकात बाबांच्या नोकरीमुळे आम्ही नागपूरहून बंगळुरात, इंदिरानगरला आलो. घराजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथल्या एका गेममध्ये एक शिपाई लढत लढत किल्ल्याच्या शेवटच्या दारापर्यंत जायचा. त्या दाराआड काय आहे, या एका विचाराने माझी झोप उडवली होती. पण दार दिसलं रे दिसलं की शिपाई आडवा! मग पडद्यावर नऊ, आठ, सात... शून्याच्या आत रुपया टाकला तर तो तिथूनच उठणार, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

एकदा आई मला कान धरून न्यायला आली. हातात भाजीची पिशवी, डोळे वटारलेले. पडद्यावर आकडे उतरत होते.

"हा काऊन पडला?"

"मरतोय. रुपया टाकला तर उठेल."

"बाप्पा! मग बघत काय बसली? टाक ना!" म्हणत तिनेच टाकला.

त्यानंतर आम्ही दोघी जायला लागलो. दार काही उघडेना. एके दिवशी मशीन बंद पडलं, म्हणून मालकाने मागची फळी काढली. आत इवलीशी पांढरी बटणं ओळीने बसवलेली. ही कशाला, मी विचारलं. गेम सोपा-कठीण करायला, तो सहज बोलून गेला. कठीण ठेवला की गिऱ्हाईक लवकर मरतं.

आई भडकलीच. "तो जानबूझके मारते क्या हमको?"

मालक ओशाळला. "स्वल्प रुको, अक्का," म्हणत त्याने एक बटण खाली केलं, मशीन सुरू केलं आणि आम्हाला एक डाव फुकट दिला.

त्या दिवशी दार उघडलं. आईने माझा दंड गच्च धरला होता. आत होतं किल्ल्याचं पहिलंच अंगण! तोच शिपाई, तेच शत्रू, फक्त आता दुप्पट वेगाने धावणारे. मला रडूच फुटलं. शिपाई लगेच मेला. नऊ, आठ, सात...

"चल घरी," आई म्हणाली. मी डोळे पुसत उठले. ती मात्र जागची हलेना.

"पण दुसऱ्यांदा उघडल्यावर आत काय असेल गं?" ती म्हणाली, आणि तिचा हात पर्समध्ये गेला.