हेडफोन लावल्यावर

वस्तीत तिला सगळे चौकशीबाई म्हणत, आणि ते चुकीचंही नव्हतं. बायकांना किती मुलं झाली, किती जगली, पुढचं मूल हवं होतं का आणि नेमकं कोणाला हवं होतं, हे संशोधन केंद्रासाठी दारोदार विचारत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. नवरा म्हणायचा, "जगाची चौकशी करतेस, मी जेवलो का तेवढं विचारू नकोस." ती हसायची आणि चपला घालायची.

तिचा एक नियम होता. बाई एकटी असल्याशिवाय नाजूक विषय काढायचा नाही. सासू खोलीत आली की बोलणं लगेच नळाच्या पाण्यावर नाहीतर मुलांच्या लसींवर न्यायचं.

यंदा केंद्राने हेडफोन दिले. प्रश्न बाईच्याच कानात वाजणार, उत्तर तिने बटण दाबून द्यायचं. "आता सासू मांडीला मांडी लावून बसली तरी चालेल," केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. चौकशीबाईला ते पटलं. म्हणूनच त्या दुपारी, पडद्यापलीकडे सासूचं शिवणयंत्र चालू असताना, तिने सुनेच्या कानांवर हेडफोन चढवले.

सून तीन मुलींची आई. धाकटी मांडीवर झोपलेली. तिने दोनचार बटणं नीट दाबली. मग, मूल राहू नये म्हणून काही घेता का, या प्रश्नावर, कानात आवाज भरलेलं माणूस बोलतं तसं, चांगलं मोठ्याने म्हणाली, "हो, घेते की इंजेक्शन. यांना सांगितलं तर जीवच घेतील. मुलगा हवाय ना त्यांना."

चौकशीबाईने हेडफोन ओढून काढले. पलीकडचं मशीन थांबलं होतं.

"काय झालं?" सुनेने विचारलं.

"मोठ्याने बोललीस गं."

सुनेने पडद्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "त्या यांना सगळं सांगतात," ती कुजबुजली. "भाजीत मीठ कमी पडलं तरी सांगतात."

"रक्त वाढवायचं इंजेक्शन ना? चांगलं असतं हो ते," चौकशीबाई पडद्याच्या दिशेने म्हणाली. आवाज इतका खोटा निघाला की तिचे कान तापले.

ती निघाली तेव्हा सासूही चपला घालून उभी होती. "कोपऱ्यापर्यंत येते. दोरा संपलाय."

दोघी गल्लीतून चालू लागल्या. चौकशीबाई मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होती, पण एकही धड होईना. दुकान दिसल्यावर म्हातारी थांबली.

"रक्ताचं होय?"

"हो."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, बाई. मला येतं, पण पोरापुढे नाही." तिने पदराने मान पुसली. "तो रोज मलाच विचारतो. अजून काही कसं नाही, तिला डॉक्टरला दाखवलंस का. माहीत नव्हतं तोवर मी खरंच सांगत होते. आता काय सांगू?"

"आजी, चूक माझी आहे. तिला काही..."

"तिला मी काही म्हटलंय का? तिसरीच्या वेळी मरता मरता वाचली ती. उशाशी मीच होते." म्हातारीने दुकानाकडे पाहिलं. "अंगात रक्त नाही म्हणेन. वर्षभर थांब म्हणेन."

"ऐकतील?"

"पोटचा असला तरी भीती वाटते त्याची," एवढंच बोलून ती दुकानात शिरली.

दुसऱ्या दिवशी चौकशीबाईने डॉक्टरीणबाईंना घडलं ते सगळं सांगितलं. घर एका खोलीचं किंवा पडद्याचं असेल तर हेडफोन वापरायचेच नाहीत, असं ठरलं. त्या सुनेला त्याचा काही उपयोग नव्हता.

पुढे कितीतरी दिवस चौकशीबाई वाट वाकडी करून त्या गल्लीच्या तोंडाशी रेंगाळत राहिली. आत जायची सोय नव्हती. कारण नसताना ती पुन्हा दारात दिसली असती, तर ज्याला संशय आला नव्हता त्यालाही आला असता.