कॉलरचे दहा मार्क

बावीस वर्षं तिनं फक्त कॉलरी लावल्या. पाठ, पुढे, बाह्या, कफ, खिसा, सगळं दुसऱ्या बायका करायच्या. उजवीकडच्या बाईनं शर्ट सरकवायचा, हिनं कॉलर चढवायची आणि डावीकडे फेकायचा. शिफ्ट संपल्याचा भोंगा होईपर्यंत मान वर करायची गरज नसायची. कारखान्यात सगळे तिला कॉलरबाई म्हणत. रस्त्यानं जातानाही ती माणसं गळ्यापासून बघायची. "हा पंधरा. आणि तो बघ, साडेसोळाचा गळा घेऊन पंधराच्या कॉलरमध्ये फिरतोय, म्हणून असा लालबुंद!"

मग एका सोमवारी फाटकाला कुलूप दिसलं, आणि कुलपाखाली नोटीस.

घर दीड खोलीचं. अर्धीत स्वयंपाक, उरलेल्या एकीत मुलगा, सून, तीन वर्षांची नात आणि खिडकीखाली कॉलरबाईची खाट.

"आई, राग मानू नकोस," मुलगा म्हणाला. असं सुरू झालेलं बोलणं कुठे जाऊन थांबतं, ते तिला ठाऊक होतं. "कमावत होतीस तोवर ठीक होतं. सहा महिने बघू. काही जमलं नाही, तर मामाकडे जाऊन राहा. पोरगी मोठी होतेय, जागा लागते."

"तुझी मामी मला बघून दार लावून घेते."

"मी सांगतो तिला उघडायला."

बेरोजगारांसाठीचा सरकारी शिवणवर्गही नेमका सहा महिन्यांचा निघाला. मोफत. पूर्ण शर्ट शिकवणार, शेवटी परीक्षा, पास झालेल्याला सर्टिफिकेट आणि नवंकोरं शिलाई मशीन. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: एका घरात एकच मशीन, जास्त मार्क मिळतील त्या उमेदवाराला. सुनेनं तेवढंही वाचलं आणि स्वतःचाही फॉर्म भरला.

"तू कशाला गं?"

"आई, दोघी बसलो तर चान्स डबल. कुणाच्या का नावावर येईना, येणार आपल्याच घरात ना!"

यात न समजण्यासारखं काही नव्हतं. कॉलरबाईला जास्त मार्क पडले तर मशीन तिचं आणि खाट जागच्या जागी. नाही पडले तर मामा.

वर्ग जुन्या पोस्टाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. शिकवणाऱ्या मॅडम चोवीस वर्षांच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मावशी, अनुभव किती?"

"बावीस वर्षं."

"बापरे! मग आम्ही तुम्हाला काय शिकवणार? या, सगळ्यांना माप घेऊन दाखवा."

समोर एक मुलगी उभी केली. कॉलरबाईनं टेपला हातही न लावता सांगितलं, "गळा साडेतेरा." मॅडमनी मोजलं. साडेतेरा. टाळ्या पडल्या.

"वा! आता छाती."

कॉलरबाई टेप हातात घेऊन उभीच. कुठून धरायची, कुठे आणायची, काही सुचेना. "छाती आमच्या लाईनला नव्हती," ती म्हणाली.

वर्ग हसून हसून लोळला. सुनेचं हसणं सगळ्यात शेवटी थांबलं.

पुढच्या आठवड्यात तिनं बाह्या कापल्या. दोन्ही उजव्या. मॅडमनी त्या वर धरून वर्गाला दाखवल्या. "हा शर्ट कुणाला बसेल, सांगा बरं?" कुणीतरी म्हणालं, "मावशींच्या कारखान्याच्या मालकाला! त्याचेही दोन्ही हात घेणारेच." तेव्हा कॉलरबाईसुद्धा हसली. काय करणार?

कॉलरी आल्या तेव्हा मात्र सगळ्यांची रडारड झाली. कुणाचं टोक वाकडं, कुणाची कॉलर गळ्याहून लांब. "मावशी, तेवढी माझी लावता?" एकीची लावली. तिनं बदल्यात हिच्या बाह्या जोडून दिल्या. मग दुसरी आली, तिसरी आली. कुणी न ठरवता महिनाभरात त्या वर्गाची लाईन झाली. शर्ट असे सुरेख निघायला लागले की मोठ्या ऑफिसातले साहेब येऊन फोटो काढून गेले. मॅडम सगळं बघत होत्या आणि काहीच बघत नव्हत्या.

तरी परीक्षा एकटीनं द्यायची आहे, हे कॉलरबाई विसरली नव्हती. शेवटचा महिना ती पहाटे उठून वर्तमानपत्राच्या बाह्या कापायची. डावी, उजवी, डावी, उजवी. जमायला लागलं. हळू, पण जमायला लागलं.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. तीन तास, ज्याचा शर्ट त्यानं शिवायचा, बोलायचं नाही. दोन तास झाले तेव्हा कॉलरबाईच्या शर्टाचं अंग जोडून झालं होतं, कॉलर लागली होती आणि दोन बाह्या, एक डावी आणि एक उजवी, शेजारी तयार पडल्या होत्या. तिनं घड्याळाकडे पाहिलं. पुरेसा वेळ होता.

तेवढ्यात परीक्षकांचा फोन वाजला आणि ते खाली गेले. मॅडम खिडकीतून बाहेर बघू लागल्या.

उजवीकडून एक शर्ट सरकत आला. सुनेचा. "आई, तेवढी."

कॉलरबाईनं तो घेतला. घेतला म्हणजे काय, घेऊन झालाच होता. सुई दुसऱ्या टोकाला वळली तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की आपण काय करतोय. तोवर शर्ट डावीकडे गेला होता आणि उजवीकडून पुढचा आला होता. "मावशी, पटकन!" मग आणखी एक. थांब गं बाई, ती मनातल्या मनात स्वतःला म्हणत होती, बाह्या राहिल्यात. पण समोर बिनकॉलरचा शर्ट आला की त्याला कॉलर लावायची, यापलीकडे तिच्या हातांना कुणी कधी काही शिकवलंच नव्हतं. सरकारनंसुद्धा नाही.

परीक्षक परत आले तेव्हा पाचच मिनिटं उरली होती. तिनं एक बाही टाचणीनं अडकवली. घंटा झाली.

निकाल भिंतीवर लागला. सून पास. वर्गातल्या सगळ्या पास. कॉलरबाई नापास.

"मॅडम, त्यांनी कॉलर नीट बघितली का हो?"

"बघितली ना! दहापैकी दहा."

"दहापैकी?"

"कॉलरला दहाच मार्क असतात, मावशी. बाह्यांना पंचवीस आहेत. तुमच्या बाह्या शिवलेल्याच नव्हत्या, आणि अपुरा शर्ट म्हणजे नापास." मग मॅडमना तिची दया आली असावी. "पण परीक्षक खूश होते हं! म्हणाले, अशा कॉलरी मी एकाही बॅचमध्ये पाहिल्या नाहीत."

दोघी घरी निघाल्या. वाटेत सून म्हणाली, "मी एकच म्हटलं होतं. बाकीच्यांच्या तुम्ही कशाला लावल्या?"

तेही खरंच होतं.

मशीन आलं. खिडकीखालीच उजेड होता, म्हणून खाट बाहेर जिन्यात गेली. महिन्याभरानं मुलगा म्हणाला, "मामाला फोन केलाय. रविवारी सोडतो तुला."

"रविवारी नको," सून म्हणाली.

कॉलरबाईनं वर पाहिलं.

"शाळेच्या शर्टांची ऑर्डर घेतलीय मी. बाकीचं सगळं शिवून तयार आहे. चाळीस कॉलरी कोण लावणार? तेवढ्या झाल्या की जाऊ देत."

"किती दिवस लागतील?" मुलानं विचारलं.

"मला विचाराल तर महिना."

महिना. कॉलरबाई सकाळी मशीनवर बसली ती मनाशी ठरवूनच. दिवसाला दोन. फार तर तीन. पहिल्या कॉलरला तिनं दोरा मुद्दाम दोनदा ओवला, चष्मा पुसला, उठून पाणी पिऊन आली. दुसऱ्या कॉलरलाही ठरवलेलं लक्षात होतं. मग सून शेजारी बसून एकेक शर्ट पुढे सरकवू लागली, मशीनला लय सापडली आणि कॉलरबाईची मान खाली गेली.

मान वर आली ती सरकवायला शर्ट उरला नाही म्हणून. नात अजून दुपारच्या झोपेतून उठली नव्हती.

"अगबाई! सगळ्या झाल्या?"

मुलानं मोबाइलवर वेळ पाहिली. "मग रविवारपर्यंत कशाला थांबायचं? संध्याकाळची गाडी मिळेल."

सुनेनं वरचा शर्ट उचलला, कॉलरचं टोक अंगठ्यानं दाबून पाहिलं. "सुंदर झाल्यात, आई," ती म्हणाली आणि सासूची पिशवी भरायला उठली.