नोरीनच्या कुंपणालगतची ओळ

डेल्बर्ट ग्रोवने नोरीन पिट्सच्या टोमॅटोंना विष घातलं, ही कुजबूज जुलैत पशुखाद्याच्या दुकानात सुरू झाली आणि रविवारी चर्चच्या पंगतीत बटाट्याच्या सॅलडच्याही आधी पोचली. पोचवणाऱ्यांत मीही होतो, खोटं कशाला बोलू!

डेल्बर्ट एकशेसाठ एकरांचा मालक, एकसष्ट वर्षांचा, बिनलग्नाचा. आमच्या मिसुरीत माणसं मका पेरतात. यानं काळे अक्रोड लावले. लाकूड विकण्याजोगं व्हायला साठ वर्षं लागतात.

"विकायला कोण, तुझं भूत येणार?" आम्ही विचारायचो.

"भुताला घाई नसते," तो म्हणायचा.

खोड सरळ वाढावं म्हणून हिवाळ्यात शिडीवर चढून खालच्या फांद्या छाटायचा. नोरीनच्या कुंपणालगतची एकतीस झाडं तर अशी राखलेली, की आमच्या न्हाव्यानंही टोपी काढावी.

शेजारीण नोरीन वीस वर्षांपूर्वी विधवा झालेली. जत्रेत टोमॅटोची पहिल्या बक्षिसाची निळी फीत सलग अकरा वर्षं तिचीच. यंदा कुंपणाजवळच्या सगळ्या रोपांनी आठवड्याभरात माना टाकल्या. ती तडक कुंपणाशी आली.

"डेल्बर्ट, काय ओतलंस?"

"काही नाही गं."

"मग तोंड का बीटासारखं लाल झालंय? पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस!"

दुसऱ्या सकाळी डेल्बर्टनं पहिल्या झाडाला यांत्रिक करवत लावली. आवाज ऐकून नोरीन एप्रनसकट धावत आली.

"वेडा झालास? अठरा वर्षं जपलेली झाडं!"

"यांनीच तुझे टोमॅटो मारले. ओळ काढतो, पण दार बंद करू नकोस."

"हे तुला ठाऊक होतं? एकशेसाठ एकर पडलेत की, मेल्या! इथंच का लावलीस?"

त्यानं करवत बंद केली. तिनं झाडाला टेकलेल्या शिडीकडे पाहिलं, मग आपल्या खिडकीकडे, आणि अशी हसली की कोंबड्या पांगल्या.

"अठरा हिवाळे! थंडीनं मेला असतास. ठेव ती करवत. टोमॅटो मी घरामागे लावीन. आत ये, कॉफी झालीय. आणि शिडी बाहेर ठेव हं!"

काळ्या अक्रोडाच्या मुळांजवळ टोमॅटो जगत नाहीत, आणि ती मुळं यंदा तिच्या वाफ्यापर्यंत पोचली होती. डेल्बर्टनं विष घातलं नव्हतं. फांद्या छाटताना शिडीवरून नोरीनचं स्वयंपाकघर दिसावं म्हणून त्यानं झाडं तिथं लावली होती. टोमॅटोंचा विचारच केला नव्हता.