भिंतीवरची सारिका

सारिकाला एका जागी उभं राहता येत नसे. पिरंगुटच्या माझ्या पार्लरमध्ये ती काम शिकायला आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने एका गिऱ्हाइकाची उजवी भुवई डावीच्या निम्मी करून ठेवली. झालं असं, की दारावरून कुणाच्या तरी वरातीचा बॅन्जो चालला होता. दोरा दातात, हात गिऱ्हाइकाच्या कपाळावर, सगळं मी शिकवल्याप्रमाणे, आणि पाय मात्र वरातीत. गिऱ्हाईक तणतणत गेल्यावर मी तिला फैलावर घेतलं. तिने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, हात माझं आयकत्यात. पाय न्हाई आयकत." मी खाली पाहिलं, तर बोलणी खातानाही चपलेतला अंगठा ताल धरून होता. मला हसू आलं. एकदा हसू आलं की माझा राग टिकत नाही, हे तिने त्याच दिवशी ओळखलं.

ती जवळच्याच भरे गावची. वडील ती लहान असतानाच गेलेले. आई हौसाबाईने शेळ्या राखून, लोकांच्या रानात खुरपून तिला वाढवलं. पुढे घराच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या खोल्या काढल्या आणि त्या उरवड्याच्या कंपन्यांतल्या कामगारांना भाड्याने दिल्या. हौसाबाई बोलायला फटकळ, पण पोरीच्या नाचाला तिने कधी आडकाठी केली नाही. तिची तक्रार एकच होती. गावच्या गणपतीत सारिका पहिल्यांदा नाचली, तेव्हा पुढच्या खुर्च्यांवर मानकरी, त्यांच्यामागे गडीमाणसं, आणि बायका थेट पाठीमागे. घरी आल्यावर हौसाबाई म्हणाली, "लई ग्वाड नाचली म्हनत्यात समदी. मला निस्तं तुजं हात दिसलं."

ते सारिकाच्या मनाला फार लागलं. तेव्हापासून तिच्या तोंडी एकच बोल होता: "दिसलं पायजे, ताई." नवा ड्रेस असो, पार्लरची पाटी असो, नाही तर तिचं नशीब असो, त्यावर तिचं हेच. मोबाइलवर बघून आणि शेळ्यांमागे हिंडताना ती नाच शिकली, मग कोथरूडला एका क्लासला जाऊ लागली. सकाळी हिंजवडीच्या एका टॉवरमध्ये आयटीतल्या बायकांना नाच शिकवायची. "त्यांचं वजन उतरतंय आन् माजी भूक वाढतीया," म्हणायची. एके दिवशी केर काढता काढता तिने मला सांगितलं की ती मुंबईला चालली आहे. मी विचारलं, तिकडे जाऊन काय व्हायचंय तुला? ती म्हणाली, "आई घरात टीव्हीपुढं बसलेली आसंल आन् मी तितं नाचताना दिसंल. डोक्यापासनं पायापत्तर. बास."

हौसाबाईने तिला एका शब्दाने अडवलं नाही. "जा," म्हणाली, "दिसाया लागलीस की सांग. मी शेळ्या लौकर आनीन."

मुंबईत तिला मालाडला चार पोरींबरोबर एक खोली मिळाली, आणि नाचही मिळाला, पण शेवटच्या रांगेतला. सुट्टीला आली की मोबाइलवर गाणं लावायची आणि मधेच बोटाने थांबवून म्हणायची, "ह्यो बगा, ताई, ह्यो हात माझा." पुढे नटाचा खांदा, त्यामागे कुणाची वेणी, आणि त्या वेणीमागून आलेला एक हात. मी कौतुक करायचे. हौसाबाई मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघायची आणि परत द्यायची.

मग एका दिवाळीत ती पार्लरमध्ये आली ती थेट खुर्चीवर उडी मारून बसली. "काम मिळालं, ताई. सीरियल. रोज दिसनार."

"कसलं काम?"

"मेलेल्या बायकोचं."

मला वाटलं थट्टा करतेय. पण खरंच तसं होतं. मालिकेतल्या नायकाची पहिली बायको वारलेली. तिचा मोठा फोटो दिवाणखान्याच्या भिंतीवर, त्याला चंदनाचा हार, खाली समई. तो फोटो सारिकाचा. घरातली माणसं भांडायची, रडायची आणि मग त्या फोटोकडे बघून मन मोकळं करायची. "आपन काय करायचं न्हाई. निस्तं हसत बसायचं," ती म्हणाली. जिला भुवई कोरताना उभं राहवत नव्हतं, तिला हे काम मिळालं, याचं मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पण तिला त्या लोकांनी एक शब्द दिला होता. ती मेलेली बायको नर्तकी होती. कथा पुढे सरकली की जुन्या आठवणींचा प्रसंग येणार, त्यात तिचा पूर्ण नाच. "मंग बगा," ती म्हणाली, "भिंतीवरनं खाली उतरते का न्हाई."

पहिल्या दिवशी मी मुद्दाम भऱ्याला गेले. हौसाबाईने शेळ्या लवकर कोंडल्या होत्या, शेजारणी जमल्या होत्या, भाडेकरूंची पोरं दारात. फोटो दिसला आणि पोरांनी गलका केला. हौसाबाई मात्र उठून उभी राहिली. "जित्या पोरीला हार घातला?" एवढंच बोलली. आत जाऊन मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन आली आणि टीव्हीवरून ओवाळू लागली. "आल्यागेल्याची, भल्याबुऱ्याची, कुनाची नजर आसंल ती जळून जाऊ दे." चुलीत मीठ तडतडलं तेव्हा कुठे ती खाली बसली.

त्यानंतर ते रोजचंच झालं. संध्याकाळी मालिका सुरू झाली की हौसाबाई मूठ घेऊन हजर. गावातले टवाळ विचारायचे, "हौसाबाई, आज काय बोलली सारिका?" ती म्हणायची, "ती बोलत न्हाई. ती सगळ्यांचं आयकती." त्यांना हसता यायचं नाही. पण तेवढ्याने तिचा जीव भांड्यात पडेना. डोंगरावरच्या वाघजाईला तिने नवस बोलला: माझ्या पोरीच्या गळ्यातला हार उतरू दे, तुला बोकड देईन. कळपातला सगळ्यात देखणा बोकड तिने देवीच्या नावाने राखून ठेवला.

इकडे सारिका त्या नाचाची तयारी करत होती. दुसऱ्या मालिकेत लहानसं बोलतं काम आलं, ते तिने सोडलं, कारण भिंतीवरच्या बाईचा चेहरा दुसरीकडे दिसून चालणार नव्हता. केस वाढून कंबरेखाली गेले, टोकं दुभंगली. मी कात्री उचलली की मागे सरायची. "नगं, ताई. फोटोत हायेत तसंच लागत्यात. कवा बी बोलावतील." मी म्हणाले, अगं, टोकं तरी कापू दे. तिने तेवढंही कापू दिलं नाही. दर वेळी मला त्या नाचाचा एखादा तुकडा करून दाखवायची, पार्लरच्या दोन खुर्च्यांमधल्या बोळात. एवढ्याशा जागेत ती काय काय करायची!

आणि एका संध्याकाळी हौसाबाईचा तिला फोन आला. त्या वेळी ती माझ्याच पुढ्यात बसली होती, सुट्टीला येताना आधी पार्लरमध्ये उतरली होती. फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता. हौसाबाई आनंदाने रडत होती. "उतरला गं बाई, हार उतरला तुजा. आता दुसरीच बाई हाय भिंतीवर. वाघजाईनं आयकलं."

नंतर कळलं, आठवणींचा प्रसंग येणार होता खरा, पण त्यासाठी नावाजलेली नटी घेतली होती. मग फोटोही तिचा. चौकट तीच, हार तोच, चेहरा बदलला. सारिकाला कुणी एका शब्दाने कळवलं नव्हतं. तिने फोन कानाला धरून ठेवला, चेहरा पांढरा पडला होता, आणि ती म्हणाली, "व्हय, आई. लई ब्येस झालं." फोन ठेवल्यावर तिने आरशात डावीकडून, उजवीकडून स्वतःचा चेहरा बघितला, ऑडिशनला दाखवतात तसा. मग ती रडली. मी तिला धरून बसले. माझं गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं.

मी म्हटलं, आईला सांग खरं काय ते. तिने मान हलवली. "तिला वाटतंया तिनं मला जिती केली. आता तिला सांगू का, की माजं समदं गेलं म्हनून?"

नवस फेडायला मीही गेले होते. वाघजाईपुढे बोकड पडला. हलगीवाले आले होते, भावकी जेवायला होती. सारिका पंगतीत बसली. हौसाबाईने स्वतःच्या हाताने तिच्या ताटात वाढलं, पुन्हा वाढलं, आणि ती घास घास खात गेली. तो कुठल्या आनंदाचा घास आहे हे त्या सगळ्या पंगतीत आम्हा दोघींनाच माहीत होतं. मी भाकरी तशीच ताटात ठेवली. ती मात्र "रस्सा झ्याक झालाय, आई," म्हणाली.

जेवणं उरकल्यावर हलगी पुन्हा वाजू लागली, आणि मी तिच्या पायांकडे पाहिलं. ते निघाले होते. हौसाबाई म्हणाली, "नाच की देवीपुढं." सारिका उठली, पदर खोचला आणि त्या मालिकेसाठी बसवलेला सगळा नाच तिने वाघजाईपुढच्या फरशीवर केला. हलगीवाले आधी गोंधळले, मग तिच्या पायांबरोबर वाजवू लागले. कंबरेखालपर्यंत मोकळे केस, भर दुपारचं ऊन, आणि तिला थांबवायला कुणी नाही. त्या दिवशी बायका पुढे होत्या. सगळ्यांच्या पुढे हौसाबाई.

नाच संपला तेव्हा हौसाबाईने तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "आज पुरी दिसलीस गं," म्हणाली. आणि जरा वेळाने, "टीव्हीत आसं का दावत न्हाईत?"

सारिकाने खोचलेला पदर सोडला. दुसऱ्या दिवशी मुंबईला जाताना ती पार्लरमध्ये उतरली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आता कापा, ताई." मी खांद्यापर्यंत केस कापले. खाली पडलेले केस तिने स्वतःच झाडून गोळा केले, शिकाऊ असताना करायची तसे.

पुढे ती लग्नांच्या कार्यक्रमांत नाचायची. त्या पावसाळ्यात तिला ताप आला आणि तिने तो अंगावर काढला. मला फोन केला, तेव्हा आवाज खोल गेला होता. "आईला सांगू नगा. ती परत नवस बोलंल. तिचं नवस लई लागू पडत्यात, ताई." स्वतःच्याच बोलण्यावर ती हसली. मी ओरडले, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा. म्हणाली, उद्याचा एक कार्यक्रम झाला की जाते. कार्यक्रमातूनच तिला मैत्रिणींनी दवाखान्यात नेलं. डेंग्यू होता, फार पुढे गेलेला.

भऱ्याला आणल्यावर तिचे केस मीच विंचरले. आखूड होते, फार वेळ लागला नाही. मग मी तिच्या पायांकडे बघितलं. बघायला नको होतं. त्या पायांना मी इतक्या वेळा रागावले होते, स्वस्थ राहा म्हणून.

दहाव्याच्या दिवशी भावकीतल्या एकाने तिचा फोटो मोठा करून आणला, पिरंगुटातून चंदनाचा हारही आणला. फोटो भिंतीवर लागला, हार घातला गेला. हौसाबाई तोवर भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, पाटावर चढली आणि हार काढून त्याच्या हातात परत दिला. "ह्यो मी एकदा उतरिवलाय," ती म्हणाली. "बोकड दिलाय त्याच्यापायी. आता परत घालायचा न्हाई."  तो फोटो अजून तसाच आहे, बिनहाराचा.

मालिकेत खरं काय झालं होतं ते मी हौसाबाईला सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. मंगळवारी पार्लर बंद असतं, तेव्हा मी भऱ्याला जाते. मागच्या मंगळवारी मागच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं होतं. बिहारकडची पोर, नवरा उरवड्याला कंपनीत. ती पाण्याला म्हणून आली आणि भिंतीकडे बघून विचारू लागली, "ये कौन है, अम्मा?"

"माजी ल्येक."

"कहाँ रहती है?"

"मुंबईला," हौसाबाई म्हणाली. "नाचती तितं."

मी चहाच्या कपात बघत राहिले. पोर फोटोजवळ गेली, हसली, म्हणाली, बहुत सुंदर है. हौसाबाई माझ्याकडे वळली. "मला हिची भाषा येत न्हाई, बाई. तुमी सांगा की हिला, कशी नाचती ती."

मी कप खाली ठेवला आणि सांगायला लागले.