फार पांढरी पावडर

कारखान्यात त्यांना सगळे थांबाकाका म्हणत. तेवीस वर्षं एनबीएस हाताळून तोच शब्द त्यांच्या तोंडात बसला होता. एनबीएस म्हणजे नायट्रोजनला ब्रोमीन जोडलेली पावडर. नुसता ब्रोमीन दांडगाई करतो. ही पावडर तोच ब्रोमीन हात आखडता घेऊन देते. म्हणून तीही डावाडावाने घालायची. डाव पडला की काचेच्या मोठ्या गोळ्यातल्या उकळत्या द्रावणाला नारिंगी रंग चढतो. तो उतरला की पुढचा डाव.

त्या दिवशी काकांची नजर सारखी घड्याळाकडे जात होती. काकूंच्या मोतीबिंदूच्या तपासण्या पाचपर्यंत झाल्या, तरच दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होणार होतं. मागची तारीख कामापायी हुकली होती.

"शेजारीण नेईल की," त्यांच्या हाताखाली शिकणारा मी म्हणालो.

"ती तयार आहे. ही नाही. म्हणते, बत्तीस वर्षांत हात धरून कुठं नेलं नाहीत, आता दिसत नाही तर तेवढं तरी न्या."

एकूण दहा डाव होते. पहिला बाराला पडला. रंग आला नाही. घाईत काकांना वाटलं, येऊन गेला असेल. वीस मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. द्रावण पाण्यासारखं. त्यांनी एक थेंब स्टार्चच्या पट्टीवर टाकला. पट्टी काळीनिळी झाली. म्हणजे घातलेलं सगळं तसंच पडून होतं.

"माझंच चुकलं," ते स्टुलावर बसत म्हणाले. पोत्यातली पावडर जुनी, पिवळी पडलेली होती. एकदा गरम पाण्यात विरघळवून शुद्ध केली असती तरी भागलं असतं. त्यांनी दोनदा केली. पिवळेपणाबरोबर सुरुवातीची ठिणगी टाकणारा किंचित मोकळा ब्रोमीनही धुऊन गेला होता.

"काका, कागदावर दर वीस मिनिटांनी एक असं लिहिलंय. घालत राहिलो तर तीनला मोकळे व्हाल." मी चौथा डाव उचललासुद्धा.

"थांबा. ठेवा तो खाली."

"अहो, काकू वाट बघतायत."

"आता काही घालायचं नाही. सुरू झालं की सगळं एकदम होणार."

आम्ही बसून राहिलो. दोन तास काहीही झालं नाही. काका मधून मधून गुडघा चोळत होते. पावणेतीनला गोळ्यात एक नारिंगी रेघ उठली आणि बघता बघता सगळा गोळा पेटल्यासारखा झाला. वाफ वरच्या थंड नळीच्या तोंडापर्यंत चढली, तिथं थरथरली आणि हळूहळू खाली आली. हे तीन डावांचं होतं. दहा असते तर?

अजून सात डाव उरले होते. म्हणजे पाच उलटणार.

"उरलेले मी घालतो. तुम्ही निघा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही मघाशी चौथा उचलला होता."

त्यांनी घरी फोन लावला. "शेजारणीबरोबर जा," एवढंच म्हणाले. पलीकडचं ऐकलं, फोन खिशात टाकला आणि चौथा डाव मोजायला घेतला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं.

"गेली नाही. दीड महिन्यानंतरची तारीख दिलीय. घरी पोचलो तर डोळ्यांशी धरून भाजी निवडत होती. काही बोलली नाही." त्यांनी हातमोजे चढवले. "चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं."