ढोरांचे डॉक्टर आणि त्यांची फटफटी

टेंभरे डॉक्टर फटफटीला स्टेथोस्कोप लावत. हे मी थट्टेनं लिहीत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. गोरेगावच्या ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून रुजू व्हायला गेलो तो बाजाराचा दिवस होता. दवाखान्याच्या अंगणात माणसांचं कोंडाळं दिसलं. एखादी गाय अडली असेल असं समजून मी खांदे बाजूला सारत आत डोकावलो. एक उंच, काटकुळा माणूस धोतर गुडघ्यापर्यंत खोचून उकिडवा बसला होता. कानांत नळ्या, आणि नळ्यांचं दुसरं टोक एका धडधडणाऱ्या फटफटीच्या पोटाला. त्यानं हात वर करून गर्दीला गप्प केलं, डोळे मिटले आणि निदान सांगितलं, "श्वास लागून राहिला हिले." जमलेल्या शेतकऱ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. ज्याला बैलाचं दुखणं कळतं त्याला फटफटीचं का कळू नये, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

मी नेमणुकीचा कागद पुढे केला. डॉक्टरांनी तेलकट बोटांनी तो धरला, वाचला. "कापगते. म्हंजे कोहळी. तळी बांधणारे लोक तुमी, हाताले कामाची सवय असन. तो पाना दे." अशा रीतीनं मी सरकारी नोकरीत रुजू झालो.

तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं आणि नागपूर आमची राजधानी होती. इंग्रज जाऊन फार वर्षं झाली नव्हती. लढाई संपल्यावर फौजेनं आपल्या जुन्या गाड्या लिलावात काढल्या, त्यांतली ही फटफटी डॉक्टरांनी स्वतःच्या पैशानं घेतली होती. सरकारकडून मैलाचा भत्ता मिळे. खेडोपाडी बैलगाडीनं जाऊन ढोर वाचत नाही, डॉक्टर पोचेपर्यंत ते चामड्याला जातं, असं ते म्हणत. फटफटीवर त्यांचा जीव होता यात शंका नाही, पण तो जीव लावण्याची त्यांची तऱ्हा ढोरांच्या डॉक्टरची होती. "ढोरही बोलत नाही, फटफटीही बोलत नाही. मंग आपण कान द्यावा," हे त्यांचं तत्त्वज्ञान. कान दिल्यावर हातही घालावा, हा त्याचा उत्तरार्ध. सगळी रामायणं त्या उत्तरार्धात घडत.

एकदा त्यांनी ठरवलं की फटफटीला बद्धकोष्ठ झालं आहे. बैलाला देतात तसं तिलाही एरंडेल द्यायचं. दवाखान्याच्या फळीवर एरंडेलाचा डबा भरलेला होता. मी तो काढायला गेलो तर माझ्यावर डोळे वटारले. "सरकारी एरंडेल सरकारी कामाच्या ढोराले. फटफटी माझी आहे." मग तेल्याच्या घाण्यावरून विकतचं आणलं आणि इंजिनात ओतलं. आश्चर्य म्हणजे फटफटी सुरेख चालू लागली. फक्त ती जिथून जाई तिथे एरंडेलाचा असा घमघमाट सुटे की गल्लीतली पोरं तोंड दाबून घरात पळत. काही आठवड्यांनी त्या तेलाचा आत डिंक झाला. तो खरवडण्यात डॉक्टरांचे कितीतरी रविवार गेले आणि माझेही गेले.

वहिनींचा, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोचा, या उद्योगाला कायमचा विरोध होता. त्या गोंदियाच्या बाजारपेठेत वाढलेल्या, त्यामुळे मराठीत निघालेलं त्यांचं वाक्य रागाच्या भरात हिंदीत जाऊन पोचे. रविवारी डॉक्टर चटई अंथरून फटफटी खोलायला बसले की ओसरीवरून आवाज येई, "जे चालून राहिलं ते उघडून कायले पाहता? अच्छी-भली चीज को बिगाड़ने का शौक है तुमको!" डॉक्टर वर न बघता म्हणत, "दुखणं अंगावर काढू नये." वहिनींची पितळी परात रॉकेलमध्ये न्हालेली असे. त्या दिवशी पोळ्यांनाही थोडा वास येई. मी पाहुणा, मुकाट्यानं खाई.

वहिनींच्या हट्टापायी एकदा मात्र फटफटी रीतसर नागपूरला गेली, कंपनीच्या दुकानात. रेल्वेच्या डब्यात घालून, गोणपाटात गुंडाळून. डॉक्टर बरोबर गेले, मलाही नेलं. दुकानाला काचेचं दार होतं. आतला मिस्तरी पांढरा कोट घालून होता. डॉक्टरांच्या अंगात त्या वेळी मळकी बंडी होती, त्यामुळे पहिला खटका तिथेच उडाला. डॉक्टर त्याला फटफटीची प्रकृती सांगू लागले, तिला थंडीत कफ होतो वगैरे. मिस्तरीनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मालकांनी बाहेर बसावं." आम्ही दिवसभर बाहेरच्या बाकावर बसलो. डॉक्टर मधूनमधून उठून काचेला नाक लावत. संध्याकाळी फटफटी पुसून, चकाचक होऊन बाहेर आली आणि तिच्यामागून बिल आलं. बिल माझ्या महिन्याच्या पगाराच्या वर होतं. आत काय केलं असं विचारल्यावर उत्तर मिळालं, "सर्व्हिसिंग."

परतीच्या गाडीत डॉक्टर बिल उलटसुलट करून पाहत होते. पैशाचं दुःख त्यांना होतंच, नाही असं नाही. पण खरं दुःख वेगळं होतं. "कापगते, मी बैल तपासतो तवा मालकाले कुठं उभा करतो?"

"शेपटाजवळ, साहेब."

"काऊन?"

"त्याचं ढोर आहे, त्याले दिसलं पाहिजे."

"मंग? माझी फटफटी, आन् मी बाकावर! पैसे घ्यावे, पण मानसाले बाहेर बसवू नये." इंग्रज गेला आणि जाताना काचेचं दार ठेवून गेला, असंही ते म्हणाले. त्यानंतर फटफटी पुन्हा नागपूरला गेली नाही. वहिनी मात्र हिशेब मांडत बसत. रॉकेल, साबण, सोललेल्या बोटांना टिंचर, फुकट गेलेलं एरंडेल, कल्हई उडालेली परात. घरचं काम कंपनीपेक्षा महाग पडतं असं त्यांनी डॉक्टरांना सप्रमाण पटवून दिलं. डॉक्टरांनी ते मान्यही केलं. "पडते महाग. पन कंपनीत पैसे देऊन मी येडाच परत आलो. इथं खर्च झाला, तं काही शिकलो." मला विचाराल तर दोघांचंही खरं होतं.

आता चिचटोल्याची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय टेंभरे डॉक्टर पुरते कळायचे नाहीत.

माघ महिना होता. धान कापून खळ्यांवर आलं होतं आणि बैलांच्या पायांखाली त्याचा चुरणा चालला होता. चिचटोला हे जंगलाला लागून असलेलं गाव. तिथला झिटू मडावी शनिवारी चालत दवाखान्यात आला. शेजारच्या गावात बुळकांडी शिरली होती. हा ढोरांचा रोग एकदा दावणीत आला की दावण रिकामी करूनच जातो. झिटूजवळ एकच जोडी. तो दाराशी उभा राहूनच बोलला, "डाक्टर, माही जोडी गेली तं धान कायनं चुरू? आन् पुढच्या साली नांगर कोण वढन?" आजार गावात शिरण्याआधी सगळ्या ढोरांना लस टोचली तरच उपयोग होता. डॉक्टरांनी लगेच नागपूरला तार केली. लस सोमवारी सकाळी गोंदियाला गाडीनं येणार, बर्फात. बर्फ संपला की लसीचं नुसतं पाणी. म्हणजे दुपार कलायच्या आत चिचटोला गाठायला हवं होतं.

मधे रविवार आला. उद्या एवढं मोठं काम, फटफटी धडधाकट असायला हवी, असं म्हणून डॉक्टरांनी चटई अंथरली. वहिनी ओसरीवरून आपलं नेहमीचं वाक्य बोलल्या. डॉक्टरांनी कार्बोरेटर खोलला, धुतला, पुन्हा बसवला.

सोमवारी गोंदियाला लस मिळाली. बर्फानं भरलेला थर्मास मी छातीशी धरून मागे बसलो. गोरेगाव मागे पडलं, जंगलाकडची वाट लागली आणि एका खळ्याजवळ फटफटीनं दोन उचक्या दिल्या आणि ती थांबली. चिचटोला अजून बराच लांब होता. बैलगाडीनं गेलो असतो तर दिवस मावळला असता. डॉक्टरांनी कार्बोरेटर उघडला. आत एक लांब सुई असते. तिला जागेवर धरणारी चिमटी काल नीट बसली नव्हती. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिमटी डॉक्टरांनी दाबली मात्र, टिणकन उडाली आणि नाहीशी झाली. वाटेवर धानाच्या गाड्या जाऊन जाऊन भुसा नि धूळ घोटाभर साचली होती. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून बोटांनी चाळवू लागलो. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, "कालच्याले उघडली नसती तं आज अडली नसती."

खळ्यावर बायका धान उपणत होत्या. त्यांतली एक म्हातारी, सोमाबुढी, सूप काखेत मारून आमच्यापाशी आली. "काय हरपलं गा डाक्टर? काऊन कोंबडीवानी उकरून रायले?"

डॉक्टरांनी बोटाच्या पेरावर माप दाखवलं. "एवढीशी लोखंडाची चिमटी, माय. ती नसन तं फटफटी चालत नाही, आन् मी पोचलो नाही तं चिचटोल्याचे ढोरं मरतात."

"मंग उकरून कायले भेटते? उकरल्यानं आनखी खाली जाते. दाना असो का लोखंड, उपनावाच लागते." तिनं वळून हाक मारली आणि खळ्यावरचं काम थांबलं.

पुढे जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. त्या बायकांनी आम्हा दोघांना बाजूला उभं केलं. वाटेचा तेवढा तुकडा खराट्यानं अलगद झाडून सगळी धूळ टोपल्यांत भरली. मग टोपल्या डोक्याच्या वर धरून वाऱ्यावर सोडू लागल्या. भुसा लांब उडाला, धूळ त्याच्या अलीकडे पडली आणि जड ते सरळ पायाशी. पायाशी उरलेले खडे सुपात घेऊन त्या तांदूळ निवडतात तशा निवडू लागल्या. एव्हाना डॉक्टरांच्या जिवात जीव आला होता. त्यांनी कार्बोरेटर हातात धरून सगळ्यांना समजवायला सुरुवात केली. पेट्रोल कुठून येतं, सुई काय करते, चिमटी कशाला.

"म्हंजे चिमटी नसन तं तिच्या गऱ्यात घास अडकते," सोमाबुढी म्हणाली.

"बरोब्बर!" डॉक्टर आनंदानं ओरडले. त्याच वेळी एका तरण्या सुनेनं तर्जनीवर ठेवून ती चिमटी पुढे केली. डॉक्टरांनी तिला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. ती बिचारी लाजून सोमाबुढीच्या मागे लपली.

फटफटी सुरू करताना ते मला म्हणाले, "पाहिलं, कापगते? नागपूरले पैसे देऊन आपन बाहेर बसलो. इथं अख्खं खळं आत होतं." सोमाबुढीनं मात्र नुसतं सोडलं नाही. तिनं आडवी उभी राहून आपल्या गावच्या ढोरांना लस कधी, ते विचारून घेतलं. पुढच्या गाडीची लस आधी त्यांच्याच गावाला असं डॉक्टरांनी कबूल केलं आणि ते पाळलंही.

चिचटोल्याला पोचलो तेव्हा थर्मासमध्ये बर्फाचे सुपारीएवढे खडे उरले होते. मोहाच्या झाडाखाली सगळी ढोरं गोळा केलेली. झिटूची जोडी सर्वांत पुढे. डॉक्टरांनी त्याला शेपटाजवळ उभं केलं आणि पहिली सुई टोचली. सगळी ढोरं टोचून आम्ही थांबलो तेव्हा माझा हात खांद्यापासून निकामी झाला होता. त्या साली बुळकांडी आजूबाजूच्या गावांत फिरली, चिचटोल्यात आली नाही. मला माझ्या नोकरीचा इतका अभिमान त्यानंतर पुन्हा कधी वाटला नाही. घरी आल्यावर डॉक्टरांनी वहिनींना सगळं खरंखरं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. आणि पुढच्या रविवारी पुन्हा चटई अंथरली.

मग एका उन्हाळ्यात त्यांची छिंदवाड्याला बदली झाली. नव्या गावी फटफटी ठणठणीत नेली पाहिजे म्हणून त्यांनी निघायच्या आधी ती पुरती खोलली. इतकी खोलली की निघायच्या दिवशीही तिचं अर्धं अंग पोत्यात होतं. वहिनी कपाळाला हात लावून बसल्या. गोंदियाच्या टेसनापर्यंत न्यायची कशी? झिटू मडावी पहाटेच आपली गाडी जुंपून दारात हजर होता. त्याला कुणी निरोप धाडला होता, देव जाणे. गाडीत फटफटी, तिची पोती, वर वहिनी. डॉक्टर आणि मी बाजूनं चालत होतो. झिटूचे बैल डौलात चालले होते, अंगावर माशी बसू देत नव्हते.

गावाबाहेर येतो न येतो तोच डॉक्टर थबकले. कान टवकारले. "थांब गा झिटू. आख वाजून रायला."

"वाजू द्या साहेब, जुनाच आहे," झिटू म्हणाला.

"गाडी चुकेगी!" वहिनी वरून ओरडल्या. पण डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या होत्या आणि पोत्यातून पाना निघाला होता. चाक उतरलं, आख म्हणजे चाकांचा कणा निघाला. तेल घालून ते सगळं पुन्हा बसवायला बराच वेळ लागला. अर्थातच गाडी चुकली. पुढची दुसऱ्या दिवशी. गोंदियाच्या धर्मशाळेत आम्ही मुक्काम केला. वहिनी रागानं भिंतीकडे तोंड करून झोपल्या, आणि डॉक्टर मात्र झिटूला आख कसा जपावा ते समजावत बसले.

त्यानंतर राज्यांच्या सीमा बदलल्या. ते तिकडच्या राज्यात राहिले, मी इकडच्या. काही वर्षं पत्रं आली, मग वहिनींच्या हातचं एकच पत्र आलं, ते गेल्याचं. आमची भेट पुन्हा झालीच नाही. म्हणून मी झिटूच्या त्या आखाचा आजन्म ऋणी आहे. तो वाजला नसता तर डॉक्टर ठरल्या वेळी निघून गेले असते, आणि त्यांच्याबरोबरचा तो एक दिवस मला मिळाला नसता.